गाडीचा एसी पळताना गार करतो, सिग्नलला थांबलं की गरम हवा. मेकॅनिक म्हणतो गॅस भरा. भरू का?

नका भरू. निदान आत्ता तरी नको.

तुम्हीच लिहिलंय ते परत वाचा. मुलुंडहून निघाल्यावर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर एसी मस्त, जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) वळून गांधीनगरला अडकलात की पाच मिनिटांत घाम, आणि पवईच्या पुढे गाडी पळायला लागली की पुन्हा गार. गाडी आठ वर्षांची, एसीला आजवर कोणी हात लावलेला नाही. एवढ्यावरून माझा पहिला संशय गॅसवर जात नाही, पुढच्या पंख्यावर जातो.

एसी केबिनमधली उष्णता उचलतो आणि पुढच्या जाळीमागे जो कंडेन्सर असतो त्यातून बाहेर टाकतो. गाडी ऐंशीने पळत असेल तर त्याला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. गॅस कमी असला तरी थांबल्यावर कूलिंग पडतं, हे खरं, कारण तेव्हा कॉम्प्रेसर हळू फिरतो. पण मग हायवेवरही पूर्वीचा गारवा राहत नाही. तुमच्याकडे तो शाबूत आहे.

माझं सांगतो, मी याच चुकीचे पैसे दोनदा मोजलेत. एप्रिलमध्ये गॅस भरला, आठवडाभर बरं वाटलं. मेअखेर परत भरला. मग जूनमध्ये पाऊस लागला आणि एसी असा काही गार करायला लागला की मागच्या सीटवरून आईने शाल मागितली. त्या मेकॅनिकचं नाव मी ऑफिसात चार जणांना सुचवलं! ऑक्टोबर उजाडला आणि पुन्हा तेच. एका शनिवारी सकाळी आमच्या चारकोपच्या सोसायटीत इंजिन चालू ठेवून एसी तपासत बसलो होतो. गाड्या धुणाऱ्या मुलाने नेहमीसारखी बादली पुढच्या जाळीवर रिकामी केली आणि अर्ध्या मिनिटात व्हेंटमधून बर्फासारखी हवा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चार महिने माझ्या पंख्याचं काम पाऊस करत होता.

आमच्या गाडीत रेडिएटर आणि कंडेन्सर दोघांना मिळून एकच पंखा आहे, दोन वेगांचा. हळू वेगाचा रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करून पंखा हळू फिरवणारा भाग, जळला होता. इंजिनचं पाणी फार तापलं की मोठा वेग लागायचा, त्यामुळे टेम्परेचरचा काटा कधी वर गेला नाही, डॅशबोर्डवर दिवा लागला नाही, कुणाला शंकाच आली नाही. शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनने तासाभरात बदलून दिला, एकदा गॅस भरायला जेवढे घेतले होते त्याच्या निम्म्यात.

तेव्हा आज संध्याकाळी हे करा. गाडी उघड्यावर उभी करा, बंद बेसमेंटमध्ये नको, धूर कोंडतो. न्यूट्रल, हँडब्रेक, एसी फुल, ब्लोअर फुल, आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलेलं. बॉनेट उघडून पंखा लागतो का बघा. काही गाड्यांत तो लगेच लागत नाही, आतलं प्रेशर वाढल्यावर लागतो, म्हणून चार-पाच मिनिटं द्या. हात, ओढणी, लोंबती वायर लांब ठेवा, पंखा न सांगता सुरू होतो. मग बाटलीने किंवा झारीने कंडेन्सरवर पाणी सोडा आणि कुणाला तरी आत व्हेंटपाशी हात धरायला सांगा. हवा पटकन गार झाली तर दुखणं उष्णता बाहेर टाकण्याचं आहे. पंखा बंद असेल तर फ्यूज, रिले, रेझिस्टर, मोटर, या क्रमाने बघायला सांगा.

पंखा व्यवस्थित फिरतोय आणि तरीही पाण्याने फरक पडला, तर कंडेन्सर तुंबलाय. जेव्हीएलआरवर मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं खाल्ली आहे त्याने. समोरून स्वच्छ दिसला तरी फसू नका, खरी माती कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसते. साध्या पाइपने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकून आहे ती वाटही बंद होते. वर्सोव्याला किंवा वरळीला समुद्राच्या तोंडावर गाडी लावणाऱ्यांच्या पट्ट्या खाऱ्या हवेने बोटाने चुरतात, तिथे धुऊन उपयोग नाही, कंडेन्सर बदलावा लागतो.

पाण्याने काहीच फरक पडला नाही तर पुढचं. हवेचा जोरच कमी असेल तर केबिन फिल्टर, बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे. आमच्या शेजाऱ्यांच्या फिल्टरमध्ये उंदराने शेंगांच्या टरफलांसकट संसार मांडला होता. अर्धा तास छान गार, मग हवा येईनाशी होते आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत येते, असं असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. आणि बाहेरची हवा घेणारं बटण चालू ठेवून तक्रार करू नका. आपल्या दमट हवेत एसीची बरीच ताकद वाफेचं पाणी करण्यातच जाते. ते पाणी गाडीखाली ठिबकायला हवं. ठिबकत नसेल आणि पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय.

आता गॅस. "दरवर्षी भरावाच लागतो" असं सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, त्यामुळे आठ वर्षांच्या गाडीत थोडा कमी असू शकेल. वर्षभरात संपला तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

इंजिन बंद असताना मीटर लावून "प्रेशर बरोबर आहे" किंवा "कमी आहे" म्हणणाऱ्यावरही विसंबू नका. तुमच्या गाडीत बहुधा आर-१३४ए नावाचा गॅस असेल. ३० अंशांना बंद गाडीत त्याचं प्रेशर साधारण ९५ ते १०० पीएसआय दाखवतं, आत थोडा जरी द्रव उरला असेल तरी तेवढंच. गॅस पूर्ण आहे की निम्मा, हे त्यावरून कळत नाही. चालू गाडीत कमी प्रेशरची आणि जास्त प्रेशरची, अशा दोन्ही बाजूंचे आकडे बघावे लागतात. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही जास्त असतील तर पंखा, कंडेन्सर किंवा वाजवीपेक्षा जास्त भरलेला गॅस. हो, जास्त भरला तरी कूलिंग पडतं. माझ्या दुसऱ्या वेळी तेही झालं असावं.

खरंच भरायची वेळ आली तर टॉपअप नको. आतला सगळा काढून वजन करायचं, नायट्रोजनने गळती तपासायची, निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावायचा, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढायची, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच भरायचा. लहान गाड्यांत हा आकडा अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. काढला किती आणि भरला किती, दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. "अंदाजाने भरतो साहेब" म्हणाला तर किल्ली परत मागा.