पहिल्या सर्वेक्षणाला निघण्याआधी

अगं, प्रशिक्षण झालं, टॅब हातात आला, आता एवढं ऐकून जा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 पासून होतंय. मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याची सूत्रं सांभाळते. पण ते आकडे तुझ्यामाझ्या हातून जातात.

सगळं अडतं ते बाळाच्या वयावर. "असेल दीड-दोन वर्षांचं" यावर पुढे जाऊ नकोस. दोन-तीन महिन्यांचा फरक पडला तरी चांगलं वाढलेलं पोर खुजं, म्हणजे वयाच्या मानानं बुटकं ठरतं, नाहीतर खुजं पोर नोंदीतून निसटतं. माता-बाल संरक्षण कार्ड माग, त्यावर जन्मतारीख आणि लसी लिहिलेल्या असतात. नसेल तर विचार, पोळ्याच्या आधी की नंतर? कापूस वेचणी सुरू होती का? एका घरी आजी म्हणाली कार्ड नाही, मी तोंडी माहिती लिहून मोकळी झाले. निघताना सुनेनं तांदळाच्या डब्यातून पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. लसीचे दोन डोस मी चुकीचे लिहिले होते. तेव्हापासून मी आईलाच विचारते, आणि थांबते.

दोन वर्षांखालचं बाळ आडवं मोजायचं, त्यापुढचं उभं. यात गफलत झाली तर सुमारे 0.7 सेंटीमीटरचा फरक पडतो. आईला त्याच्या डोक्यापाशी बसव, तिचा चेहरा दिसला की पोर शांत होतं.

रक्त तपासणीसाठी बोट टोचायला बाई नाही म्हणाली तर नाही. सासू शेजारी असताना पाळणा लांबवण्याचे प्रश्न काढू नकोस.

आणि दाराला कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नकोस. माणसं शेतातून परतली की संध्याकाळी पुन्हा जा.