रिपोर्ट आला, आता समजावणार कोण?

प्रश्न: मी गडचिरोली जिल्ह्यातली, बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. मावसबहीण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक निघाली आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. मला जेनेटिक्स शिकायचं आहे. घरचे म्हणतात, त्यात नोकरी फक्त पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये. मला मराठीबरोबर माडिया ही इथली आदिवासी भाषाही येते. इथे राहून काही करता येईल का?

उत्तर: मावसबहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. वाहक म्हणजे आजारी नव्हे; वाहकाकडे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच मूल आजारी होतं, आणि दोघं वाहक असतील तर ती शक्यता प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के असते. 'प्रत्येक' हा शब्द मुद्दाम लिहिते आहे. पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली, असा समज शिकलेल्या घरांतही भेटतो. बहिणीचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं, त्याची तपासणी झाली होती का? नसेल, तर लग्न अर्ध्याच माहितीवर मोडलं.

तुझं काम नेमकं इथेच आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ताची प्राथमिक चाचणी गावात होते, खात्रीसाठी एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी. पण तो रिपोर्ट सासरच्यांसमोर माडियात समजावणारी व्यक्ती कुठून आणायची? ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जीन बदलणाऱ्या उपचाराला मान्यता दिली, अमेरिकेत त्याचा खर्च २२ लाख डॉलर आहे. आपल्याकडे आज तरी तपासणी, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि समुपदेशन हेच हाताशी आहे, आणि त्यातलं समुपदेशन सगळ्यात दुर्लक्षित.

माझं मत: आधी एमएस्सी जेनेटिक्स कर, म्हणजे रिपोर्ट स्वतः वाचता येईल. मग सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, एमपीएच; मुंबईच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) ती आहे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचं रक्तविकारांवरचं केंद्र चंद्रपूरला आहे, म्हणजे तुझ्या शेजारीच. तिथे प्रकल्पांच्या जागांची चौकशी कर. घरच्यांना एक मात्र आधीच सांग: आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, पगार बेताचा असतो. हे कळूनही ते तयार असतील तरच पुढे जा.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. त्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आशाताईंबरोबर दोन-चार घरं फिर, लोक काय विचारतात ते वहीत लिहून घे. आणि मला पुन्हा लिही.