नववीत एआय विषय आणि स्मार्ट बोर्ड पाहून नागपुरात शाळा निवडावी का?

तुमची मुलगी नववीत जाणार आहे आणि दोन शाळांपैकी एकीकडे स्मार्ट बोर्ड व एआय विषय आहे, म्हणून तुम्ही विचारलंत. मी नागपुरातच आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे थोडं स्पष्टच सांगते.

स्मार्ट बोर्ड पाहून ठरवू नका. आमच्या वर्गात बोर्ड आला तेव्हा पहिलं वर्षभर त्यावर फक्त व्हिडिओच चालले. मुलं बघत बसायची, वहीत काही उतरायचं नाही. पुढे मी किरणाकृती अर्धवट काढून मुलांनाच पूर्ण करायला बोलवू लागले, तेव्हा कुठे अपवर्तन, म्हणजे प्रकाशकिरणाचं वळणं, त्यांच्या डोक्यात बसलं.

एआयचं म्हणाल तर सीबीएसईने 2019-20 पासून नववीला हा कौशल्य विषय म्हणून दिला. त्यात पायथन या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळख आणि प्रकल्प असतात. घ्यायला हरकत नाही, पण गणित कच्चं ठेवून नको.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर मात्र जरूर बघून या. केंद्राची ही योजना सहावी ते बारावीसाठी आहे. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे किट तिथे असतात. शिक्षकांना नाही, मुलांना विचारा: आठवड्यातून किती तास हात लावायला मिळतो? काही ठिकाणी कुलूपच असतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि सुट्टीत तिला रमण विज्ञान केंद्रात न्या, गांधीसागर तलावाजवळच आहे. तिथली उपकरणं ती स्वतः चालवून बघेल.