हिरवं दिसलं म्हणजे पाणी मुरलं का?

प्रश्न : आमच्या गावात (ता. बार्शी) चार वर्षांपूर्वी ओढ्याचं खोलीकरण झालं, माथ्यावर समतल चर खोदले. यंदा एका संस्थेची मुलं लॅपटॉप घेऊन आली. उपग्रहाच्या चित्रांवरून एआयने काढलंय म्हणे, की गावाचं भूजल वाढलं. नकाशा हिरवागार. माझी विहीर मात्र मार्चातच तळाला गेली. खरं काय मानायचं?
– एक ग्रामपंचायत सदस्या

उत्तर : ताई, विहीर खरी. नकाशाही खोटा नाही, पण त्याने पीक मोजलं, पाणी नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सगळ्यात बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. त्या गुंठ्यात हिरवं आहे, एवढं त्याला कळतं. ते मुरलेल्या पाण्यावर आलंय की पाचशे फुटी बोअरवर, हे कळत नाही. ज्वारी पिवळी पडल्यावरही जो पट्टा हिरवा राहतो, तिथे एकदा जाऊन बघा. ऊस असेल तर तो उपसा आहे, आणि या हिशेबात तो जमेला धरला गेलाय.

तरी एआयला हाकलून देऊ नका. आपल्याकडे खडक बेसाल्टचा, जागोजागी वेगळा. एका विहिरीला मुरूम, शेजारच्या बांधापलीकडे काळा पाषाण. त्यात पाऊस दरसाल वेगळा. पाणी वाढलं ते चरांमुळे की पाऊस चांगला झाला म्हणून, हे मी वहीत मांडून कधी नीट सोडवू शकलो नाही. कामाआधीच्या वर्षांचा पाऊस, पिकं आणि विहिरींची पातळी यंत्राला शिकवली, की काम झालंच नसतं तर यंदा पातळी कुठे असती याचा अंदाज ते देतं. आजची पातळी आणि तो अंदाज यांतला फरक ही तुमच्या चरांची कमाई. फार मोलाची गोष्ट आहे ही. पण त्याला विहिरींच्या नोंदी लागतात, आणि त्या खऱ्या लागतात.

मी तीस वर्षं टेपला खडू लावून विहिरी मोजल्या. टेप खाली सोडायची, वर ओढायची, खडू जिथवर भिजला तो आकडा सोडलेल्या टेपच्या लांबीतून वजा करायचा. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात एका विहिरीवर अकरा वाजता पोचलो, आकडा लिहिला. शेतकरी म्हणाला, "साहेब, आत्ताच मोटर बंद केली. सकाळी या." दुसऱ्या दिवशी पाणी सव्वा मीटर वर होतं. आदल्या दिवशीचा आकडा तसाच राहिला असता, तर यंत्राने तोही खराच मानला असता.

त्या मुलांना परत बोलवा. कोणत्या विहिरी मोजल्या, ते विचारा. एकही नसेल तर गावातल्या दहा-बारा निवडा, माथ्यावरच्या, ओढ्याकाठच्या, मधल्या. कठड्यावर रंगाची खूण करा, म्हणजे दरवेळी तिथूनच टेप सुटेल. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत. काम न झालेल्या, पण तसाच खडक असलेल्या शेजारगावच्या चार विहिरीही घ्या, तुलनेला लागतील. यादीत पहिली तुमची विहीर लिहा.