छोट्या जागेतलं गाजलेलं नाटक मोठ्या नाट्यगृहात न्यावं का?

प्रश्न : आमच्या चार पात्रांच्या नाटकाचे पुण्यात १२० खुर्च्यांच्या जागेत, तिन्ही बाजूंना प्रेक्षक बसवून २८ प्रयोग झाले. सगळे भरले, परीक्षणंही उत्तम आली. आता एक निर्माते ९०० खुर्च्यांच्या नाट्यगृहात नाटक करायला तयार आहेत. हो म्हणावं का?
– एक दिग्दर्शक, पुणे

उत्तर : आत्ता लगेच नको. नाटक चांगलं आहे की नाही हा प्रश्न तुमच्यापुरता सुटलाय. आता पाहायचं ते एवढंच की त्यातलं काय काय जवळिकीवर उभं आहे.

पण आधी हिशेब. १२० गुणिले २८ म्हणजे ३,३६० प्रेक्षक. नऊशेच्या नाट्यगृहात एवढी माणसं चार प्रयोगांतच बसून जातात. पाचव्या प्रयोगाला कोण येणार, हे ना तुम्हाला ठाऊक, ना निर्मात्यांना. शेवटच्या आठ-दहा प्रयोगांची बुकिंगची यादी काढा आणि तिच्यातून नाटकवाले, नातेवाईक, ओळखीपाळखीचे वगळा. उरलेली नावं निम्म्याहून कमी भरली, तर तुमचा ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड वर्तुळातल्या वर्तुळात फिरतोय असं समजा.

निर्मात्यांशी बोलताना आकडे असे मांडा. समजा नेपथ्य, कपडेपट, तालमी आणि पहिल्या जाहिराती धरून निर्मितीचा खर्च सहा लाख आला आणि तो ३० प्रयोगांत वसूल करायचा ठरला, तर प्रयोगामागे २० हजार पडतात. नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाईट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेजची माणसं, लाईट-साऊंड, बस, टेम्पो आणि वर्तमानपत्रातली जाहिरात हा एका प्रयोगाचा चालू खर्च समजा १ लाख १० हजार. एकूण १ लाख ३० हजार. तिकिटाची सरासरी २६० रुपये पडली तर दर प्रयोगाला ५०० तिकिटं विकली गेली पाहिजेत, तीस प्रयोगांत १५ हजार. आजवर आले ३,३६०! इथे सरासरी धरायची. पुढच्या रांगांचा दर धरून केलेला हिशेब कागदावरच शोभतो. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, त्यापुढे गेलात की लागतो. शेवटच्या आठवड्यात वाढवावी लागणारी जाहिरात बहुतेक जण धरतच नाहीत, आणि घाटा नेमका तिथूनच सुरू होतो.

आता रंगमंच. तिन्ही बाजूंचे प्रेक्षक समोर आणून बसवले की बसवलेल्या हालचालींपैकी बऱ्याचशा मोडतात. पाठमोरं उभं राहून बोललेलं वाक्य छोट्या जागेत कुणा ना कुणाला समोरून दिसतंच. कमानीच्या, म्हणजे फक्त समोरून पाहायच्या रंगमंचावर ते कुणालाच दिसत नाही. जमिनीवर बसून चाललेला प्रवेश उतरत्या आसनांच्या छोट्या जागेत सगळ्यांना दिसतो. मोठ्या नाट्यगृहात रंगमंच तीन-साडेतीन फूट उंच असतो, त्यामुळे पहिल्या रांगांना जमीन दिसतच नाही. तिथे सांडलेले तांदूळ किंवा काढलेली रांगोळी फक्त बाल्कनीच्या वाट्याला येते. असे प्रवेश आठ-बारा इंचांच्या लेव्हलवर (चौथऱ्यावर) घ्या, नाहीतर उभ्याने बसवा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नेपथ्य ताणणं. वीस फुटांत बसवलेलं घर रंगमंच रुंद आहे म्हणून छत्तीस फुटांत पसरवलं जातं. मग दोन पावलांची एन्ट्री सहा पावलांची होते, वाक्य संपतं तरी पात्र दारातच, आणि प्रयोग ‘पडला’ असं सगळे म्हणतात. कुठे पडला ते मात्र कुणी सांगत नाही. त्यापेक्षा काळ्या विंगा (बाजूचे पडदे) आत ओढा, वरची झालर खाली घ्या, अभिनयाची जागा वीस-बावीस फुटांचीच ठेवा आणि सगळा खेळ पुढच्या कडेकडे आणा. दिव्यांचंही गणित बदलतं. बारा फुटांवरून टाकलेला स्पॉट चोवीस फुटांवर नेला की उजेड चौथाई उरतो. जुनी दिव्यांची यादी नुसती उचलून नेलीत तर चेहरे काळवंडतील.

नेपथ्य दीड-दोन तासांत उभं राहायला हवं, कारण दुपारचं दुसऱ्या कुणाचं नाटक उतरल्यावरच रात्रीसाठी रंगमंच तुमच्या हाती येतो. नेपथ्याच्या भिंतींचे फ्लॅट (सुट्या चौकटी) चार फुटांहून रुंद करू नका. दौऱ्यातल्या नाट्यगृहांपैकी ज्याची कमान सगळ्यात अरुंद, तिच्या मापाने आराखडा करा. मोठ्या जागी विंगांनी भरून काढता येतं, छोट्या जागी करवत लावावी लागते.

आमचं मत विचाराल तर मधली पायरी घ्या. पुण्यात ज्योत्स्ना भोळे सभागृह किंवा भरत नाट्य मंदिर, मुंबईत सुमारे २०० आसनांचं पृथ्वी थिएटर किंवा प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीतलं छोटं नाट्यगृह. अशा ठिकाणी आठ-दहा प्रयोग करा, त्यातले दोन-तीन पुण्याबाहेर. ते अनोळखी प्रेक्षकांनी भरले, तर मोठ्या नाट्यगृहात आधी बाल्कनी बंद ठेवून उतरा. अर्ध्या भरलेल्या नऊशेपेक्षा गच्च भरलेल्या पाचशेंत हशा जास्त येतो.

पात्रं कमी आहेत याची धास्ती नको. ‘संगीत देवबाभळी’त दोनच पात्रं आहेत. आधी एकांकिका असलेलं हे नाटक २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं ते वाढवून, पूर्ण लांबीचं होऊन. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली आलं ते जालन्याच्या कलाकारांना घेऊनच. तेव्हा ‘मालिकेतला चेहरा घेतल्याशिवाय चालणार नाही’ ही अट आली, तर ती लगेच मान्य करू नका.

प्रश्न : मोठ्या नाट्यगृहात माईक असतातच, मग आवाजावर वेगळी मेहनत कशाला?
– एक अभिनेत्री, नाशिक

उत्तर : रंगमंचाच्या कडेचे आणि वर टांगलेले माईक आवाज उचलतात, पण पावलांचे ठोके आणि प्रॉपर्टीची आदळआपटही तितक्याच प्रेमाने उचलतात. अंगावरच्या माईकला पदर घासला की खरखर होते. शिवाय स्पीकर कडेला, बोलणारी मध्ये, त्यामुळे चेहरा एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असं वाटत राहतं. माईक आधाराला ठेवा, भरवशाला नको.

मोठ्याने बोलणं हा उपाय नव्हे. वाक्याचं शेपूट सांभाळा. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात. ‘मी त्याला कधीच माफ करणार नाही’ यातला ‘नाही’ श्वासाबरोबर विरला, तर मागच्या रांगांपर्यंत बरोबर उलटा अर्थ पोचतो. छोट्या जागेत ओठ दिसतात म्हणून हे खपून जातं. तालमीत प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द ठळक म्हणून पाहा. आधी कृत्रिम वाटेल, आठवड्याभरात अंगवळणी पडेल.

तपासायला एक माणूस बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत आणि दुसरा खाली, बाल्कनीच्या छताखालच्या मागच्या रांगेत बसवा. ही खालची जागा बहुधा जास्त वाईट निघते. तपासणी एसी चालू ठेवूनच करा. रिकाम्या नाट्यगृहात आवाज घुमतो. माणसं भरली की ती आवाज शोषतात, त्यामुळे रंगीत तालमीला बरं वाटलेलं प्रयोगाला कमी पडू शकतं. आणि हशा मोठ्या नाट्यगृहात पुढून मागे पसरत जातो. तो उतरायला लागल्यावर पुढचं वाक्य घ्या, पूर्ण थांबायची वाट पाहू नका.

प्रश्न : माझं नाटक ८५ मिनिटांचं, सलग. निर्माते मध्यंतर घाला म्हणतात. शिवाय करारात काय पाहावं?
– एक लेखक, कोल्हापूर

उत्तर : मध्यंतरासाठी वीस मिनिटं फुगवू नका. पात्रांपुढचा पेच जिथे बदलतो अशी जागा सापडली तर तिथे अंक पाडा. नाही सापडली तर ‘९० मिनिटं, मध्यंतर नाही’ असं जाहिरातीत आणि तिकिटावर ठळक छापून घ्या. न छापल्यास लोक बटाटेवड्याच्या आशेने चुळबुळत राहतात. संहितेत नवे प्रवेश आले तर ती बदललेली संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे, पुन्हा द्या. हौशी प्रयोगांत पार्श्वसंगीत म्हणून वापरलेली चित्रपटगीतं तिकीट लावून वापरायची तर परवाना लागतो. नवं संगीत करून घेणं बहुधा स्वस्त पडतं.

करारात तुमचं मानधन प्रयोगागणिक लिहा, नफ्यावरची टक्केवारी नको. हक्क ठरावीक प्रयोगांपुरते किंवा वर्षापुरते द्या, आणि सलग सहा महिने प्रयोग झाला नाही तर ते आपोआप तुमच्याकडे परत येतील असं कलम घाला. संहितेतला बदल आणि मूळ संचातला कलाकार बदलणं, दोन्हींसाठी लेखी संमती लागेल असंही नमूद करा.