५० बेडच्या हॉस्पिटलमध्ये स्टाफचा परफॉर्मन्स कसा मोजावा? चूक झाली की इन्सेंटिव्हमधून पैसे कापणं बरोबर आहे का?

नका कापू. उशिरा येणं, न सांगता दांडी मारणं याचं काय करायचं ते खुशाल करा, तो एचआरचा विषय आहे. पण औषधाची चूक, पेशंट बेडवरून पडणं, सॅम्पलवर दुसऱ्याच पेशंटचं लेबल लागणं या गोष्टींना एकदा पैसे चिकटवले की पुढच्या महिन्यापासून तुम्हाला त्या कागदावर दिसणारच नाहीत.

मी पश्चिम महाराष्ट्रात एका खाजगी हॉस्पिटलात क्वालिटी बघतो, त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात ब्रदर म्हणून ड्युट्या केल्यात. तुम्ही लिहिलंय तसलीच स्कीम एका ठिकाणी जवळून बघितलीय. प्रत्येक इन्सिडेंटमागे ठराविक रक्कम कापायची, आणि खरंच काही महिन्यांत इन्सिडेंट फॉर्म, म्हणजे झालेली चूक लिहून कळवायचे फॉर्म, जवळजवळ बंद झाले, मॅनेजमेंट मीटिंगला ग्राफ दाखवून टाळ्या घेतल्या, आणि तिकडे वॉर्डात सिस्टर एकमेकींना हळूच सांगायच्या की अमुक बेडला डबल डोस गेलाय जरा लक्ष ठेव, डॉक्टरांना नको सांगूस. आता यात धोका कोणाला, पेशंटलाच ना.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, तर आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या चुका जास्त. नंतर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथले लोक त्या न घाबरता सांगत होते. तेव्हा तुमच्याकडे एखाद्या वॉर्डातून महिन्याला शून्य फॉर्म येत असतील तर त्या इन्चार्जला बक्षीस द्यायच्या आधी त्या वॉर्डात एक नाइट बसून बघा.

धंद्यातलं उदाहरण पाहिजे तर अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. एकेका ग्राहकाला जास्तीत जास्त खाती आणि कार्डं विकायचं टार्गेट, वर नोकरीची भीती, मग स्टाफने ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडून टाकली. २०१६ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा १८.५ कोटी डॉलर दंड आणि ५,३०० लोक काढलेले. टार्गेट कागदावर पूर्ण होत होतं बरं का.

मग काय करायचं? आधी चुकांची प्रतवारी करा. एक साधी माणसाकडून होणारी चूक. दुसरी म्हणजे सगळेच मारतात तो शॉर्टकट, उदा. दोघींनी चेक करायचं इंजेक्शन एकटीनेच चेक करून दोन सह्या. तिसरी खरी बेपर्वाई, माहीत असून, सांगून सुद्धा केलेली. कारवाई फक्त तिसरीवर. पहिल्या दोन्हींत माणूस नका बघू, परिस्थिती बघा. सारखे दिसणारे दोन अँप्यूल एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेत, पहाटेचे चार वाजलेत, सिस्टर एकटी आणि अर्धा वॉर्ड तिच्या अंगावर, मावशी पण रजेवर, मग चूक झाली तर ५०० रुपये कापून तो ट्रे बदलणार आहे का? पोटॅशियम क्लोराइडसारखं, चुकून दिलं तर जीवघेणं ठरणारं औषध वॉर्डाच्या सामान्य स्टॉकमधून काढून वेगळं कुलुपात ठेवलं तर ती चूक व्हायला जागाच राहत नाही, आणि खर्च एका कुलपाचा.

मोजायचं तर कामाचा रस्ता मोजा. डिस्चार्ज घ्या, नातेवाइकांची सगळ्यात जास्त बोंब तिथेच असते आणि सगळे खापर टीपीएवर, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या मधल्या कंपनीवर फोडतात. राउंडला "आज सोडा" म्हटलं ती वेळ, डिस्चार्ज समरी सही होऊन आली ती वेळ, फार्मसी रिटर्न (उरलेली औषधं परत), फायनल बिल, टीपीएचं अप्रूव्हल, बेड रिकामा, एवढ्या वेळा एका साध्या रजिस्टरमध्ये टाका. विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०२४ मध्ये इन्शुरन्स कंपन्यांना डिस्चार्जचं अप्रूव्हल ३ तासांत द्यायला सांगितलंय, पण तो काटा फाइल तुमच्याकडून गेल्यावर सुरू होतो ना. मी बघितलंय त्यात बहुतेक वेळा समरी कन्सल्टंटच्या सहीसाठी पडून असते आणि शिव्या बिलिंगच्या पोरी खातात.

हो, आणि हे नियम डॉक्टरांना पण, नाहीतर सिस्टर लोक तुमचं काहीच सिरियसली घेणार नाहीत. अमेरिकेत मिशिगनच्या आयसीयूंमध्ये डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घालायची नळी) पाच गोष्टींची चेकलिस्ट आणली, हात धुणं, क्लोरहेक्झिडीनने त्वचा साफ करणं, पूर्ण गाउन आणि ड्रेप, मांडीची शीर शक्यतो टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. यात नवीन काय, सगळ्यांना पाठच असतं. पण तिथे डॉक्टरने स्टेप गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार सिस्टरला होता, आणि २००६ मध्ये आलेल्या निकालात लाइनची इन्फेक्शन्स ६६ टक्क्यांपर्यंत घटलेली. तुमच्याकडे सिनियर सर्जनला "सर, ग्लोव्हज बदला" म्हणणारी सिस्टर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर सुखाने येऊ शकते का, हे मालक म्हणून तुम्हीच ठरवणार.

वैयक्तिक अप्रेझल बंद करा असं नाही म्हणत. पण त्यात हाताचं कौशल्य बघा, कॅन्युला, सीपीआर, ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला म्हणजे हँडओव्हर कसा देते, नवीन मुलींना शिकवते का. हँडओव्हर स्वतः उभं राहून ऐका, पेशंटच्या बेडशेजारी होतो का काउंटरवर गप्पा मारत, पाच मिनिटांत कळतं.

आणि इन्सिडेंट फॉर्मवर नाव लिहायची सक्ती ठेवू नका, ते फॉर्म एचआरच्या टेबलावर जाऊ पण देऊ नका, सरळ मेट्रन (नर्सिंगच्या प्रमुख) आणि क्वालिटीकडे. फॉर्म भरणाऱ्याला आठवड्याच्या आत सांगा त्याचं पुढे काय झालं. सुरुवातीला दोन-तीन महिने फॉर्मचा आकडा वाढेल, तेव्हा पार्टनर डॉक्टर ओरडतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.