वुडवर्किंग मशीन ऑपरेटरची नोकरी धरावी का? पुढे या कामाला भवितव्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की बारावी झाली आहे, मामा साइटवर सुतारकाम करतात आणि चाकणकडच्या एका मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यातून ट्रेनी ऑपरेटर म्हणून बोलावणं आलंय. मामांचं म्हणणं, मशीनवर उभा राहिलास तर हातातली कला जाईल आणि पुढे तेच मशीन तुला घरी बसवेल. मी याच धंद्यात आहे. हेल्पर म्हणून लागलो, आता पॅनल सॉ (शीट कापायची करवत), एज बँडर (पॅनलच्या कडेला पट्टी चिकटवणारं मशीन) आणि सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवरच्या फाइलप्रमाणे कापणारं मशीन) बघतो. माझं मत विचाराल तर नोकरी धरा. पण मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

आमच्याकडे 'ऑपरेटर' या एकाच नावाखाली दोन वेगळी माणसं काम करतात. एक जण शीट उचलतो, मशीनला लावतो, बटण दाबतो, पलीकडून तुकडे काढून ट्रॉलीवर रचतो. दुसरा मशीन सेट करतो आणि माल बिघडला तर का बिघडला ते सांगतो. पहिल्याचं काम हातचं जात चाललंय हे खरंच आहे. पूर्वी मल्टी-बोरिंगवर, म्हणजे एकदम बरीच भोकं पाडणाऱ्या मशीनवर, स्टॉपर लावून, ड्रिलचे बिट बदलून भोकं पाडायला एक मुरलेला माणूस लागायचा. आता सिक्स साइड ड्रिलिंग मशीन पॅनलवरचा बारकोड वाचतं आणि सगळ्या बाजूंची भोकं स्वतः पाडून पॅनल बाहेर देतं. समोर उभ्या असलेल्या मुलाने फक्त स्टिकर वरच्या बाजूला आहे ना, एवढं बघायचं.

इंटरनेटवर 'हे काम संपणार' असं जे वाचलंत म्हणता, त्याचं मूळ बहुतेक ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांच्या 2013 च्या अभ्यासात असावं. त्यांनी अमेरिकेतल्या 702 व्यवसायांना यांत्रिकीकरणाचा धोका किती, ते मोजलं आणि लाकूडकामाच्या मशीनवरची माणसं यादीच्या अगदी धोक्याच्या टोकाला ठेवली. पण तो हिशोब तिथल्या मजुरीचा आणि तिथल्या एकसारख्या मालाचा. आपल्याकडे प्लाय कसा येतो ते बघा, मग फरक कळेल.

बिलावर 18 एमएम लिहिलेला प्लाय व्हर्नियरने (जाडी मोजायच्या हत्याराने) मोजला की बऱ्याचदा 17.4 भरतो. स्वस्तातला असेल तर एकाच शीटच्या दोन टोकांना वेगवेगळा. डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र 18 धरून बसलेलं. 600 चं कॅबिनेट असेल तर दोन बाजूंचे 36 वजा करून ते तळाची फळी 564 ची काढणार. प्रत्यक्षात बाजू 17.4 च्या, म्हणजे कॅबिनेट तयार झालं 598.8 चं. एका कॅबिनेटला सव्वा एमएम, कोणाला दिसत पण नाही. किचनमध्ये अशी पाच कॅबिनेट ओळीने लागली की भिंतीपाशी 6 एमएमची फट पडते आणि साइटवरचा फिटर फोनवर शिव्या घालतो. मागच्या पाटीच्या खाचेचंही तेच. 6 ची खाच मारली आणि प्लाय साडेपाचचा निघाला की पाटी खुळखुळते. मालाचा नवा लॉट आला की व्हर्नियर काढून चार शीट मोजणारा आणि कटिंग लिस्ट निघायच्या आधी डिझाइनवाल्याला 'जाडी बदल' म्हणून सांगणारा माणूस कुठलाच मालक सोडत नाही. हे काम मशीन करत नाही, कारण मशीनला 18 च सांगितलेलं असतं.

एज बँडरचंही असंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पट्टीचा रोल लावला, पॅनल सरकवलं, झालं. आत ग्लू साधारण 180 ते 200 अंशांवर वितळलेला असतो. डिसेंबरात सकाळी शेडमधली शीट गार असते, ग्लू पॅनलला लागताक्षणी थिजतो आणि दाब बसायच्या आत त्याची पकड गेलेली असते. त्या दिवशी पट्टी छान चिकटलेली दिसते. तक्रार येते काही महिन्यांनी, सिंकखालच्या शटरची (कपाटाच्या दाराची), पाणी आत शिरून कडा फुगल्यावर. म्हणून थंडीत माल आदल्या रात्री आत घ्यायचा, फीड, म्हणजे पॅनल सरकण्याचा वेग, जरा वाढवायचा, आणि सुरुवातीच्या तुकड्यांची पट्टी हाताने ओढून बघायची. सोलताना ग्लू कुठे राहतो, पट्टीवर की बोर्डवर, त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं. जेवणाच्या सुट्टीत ग्लूचं तापमान उतरवायला विसरलात तर तो जळून तांबूस होतो आणि पांढऱ्या शटरच्या कडेला मळकी रेघ उमटते.

तुम्हाला यात मामांचा फायदा आहे. प्लायची रेषा कुठल्या अंगाने आहे, पार्टिकल बोर्डात स्क्रू कुठे धरतो आणि कुठे नाही, बिजागरीच्या 35 एमएमच्या कपाला कडेपासून किती जागा ठेवायची, हे घरात ऐकलेला मुलगा कारखान्यात लवकर वर येतो. नुसतं सीएनसीचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्यांना हे नव्याने शिकवावं लागतं.

शिकण्याचा क्रम विचारलात. सुरुवातीला पॅनल सॉवर राहा, कितीही कंटाळा आला तरी. खालची छोटी स्कोअरिंग ब्लेड मुख्य ब्लेडच्या रेषेत नसेल तर लॅमिनेटचे कपचे उडतात. ती जुळवायला हात बसला की बाकीच्या मशीनची भीती जाते. ब्लेडची धार गेली की आवाज बदलतो, एमडीएफला (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाला) जळका वास येतो, तो ओळखायला शिका. मग एज बँडर. त्यानंतर सीएनसी, आणि तिथे ऑपरेटिंगवर थांबू नका. संध्याकाळी डिझाइन विभागात जाऊन बसा, फाइल कशी बनते, नेस्टिंग, म्हणजे एका शीटवर सगळे तुकडे बसवणं, कसं होतं ते बघा. आता छोट्या वर्कशॉपवाल्यांनीही चिनी नेस्टिंग मशीन घेतली आहेत. त्यांना डिझायनर वेगळा, प्रोग्रामर वेगळा असा परवडत नाही. ड्रॉइंग समजणारा आणि मशीनही चालवणारा एकच माणूस त्यांना हवा असतो, आणि तो सहजासहजी मिळत नाही.

पगाराचं सांगायचं तर आमच्या पट्ट्यात ऐकू येणारे आकडे असे: हेल्पर चौदा-पंधरा हजार, एक-दोन मशीन येणारा अठरा ते पंचवीस, सीएनसी आणि फाइल दोन्ही बघणारा तीसच्या पुढे. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने मिळायला हवा, पण ठेकेदारामार्फत लागलात तर तो सिंगलने देतात किंवा 'अॅडजस्ट' करतात. म्हणून कंपनीच्या रोलवर घेणार की ठेक्यावर, हे पगाराच्या आधी विचारा. पीएफ आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर पहिल्या महिन्यातच मागा. ईएसआय या कामात शोभेची गोष्ट नाही, का ते पुढच्याच परिच्छेदात येतंय.

पॅनल सॉने बोटं जातात. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मुलाखतीला जाल तेव्हा शेडमध्ये एक चक्कर मारू द्या म्हणा. ब्लेडवरचं गार्ड जागेवर आहे की काढून कोपऱ्यात टाकलंय ते बघा. ब्लेडच्या मागची पाचर, म्हणजे रिव्हिंग नाइफ, आहे का ते बघा. ती नसेल तर लाकूड ब्लेडला चिमटतं आणि सपकन उलटं अंगावर येतं. फिरत्या ब्लेडजवळ हातमोजे घालून काम करायला सांगत असतील तर तिथल्या सुपरवायझरला काम कळत नाही, मोजा दातात अडकला की हातच ओढला जातो. हातमोजे शीट उचलायला. छोटे तुकडे पुश स्टिकने ढकलायचे. आणि भुसा. लाकडाचा भुसा कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच नोंदवलंय, धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाला. तोंडाला रुमाल बांधून एमडीएफची बारीक धूळ अडत नाही. डस्ट कलेक्टर चालू हवा, त्याच्या पिशव्या वेळेवर रिकाम्या व्हायला हव्यात, आणि एन-95 मास्क स्वतःच्या पैशाने घ्यावा लागला तरी घ्या. कानाचंही तेच, प्लग घाला. या धंद्यातले जुने लोक मोठ्याने बोलतात, ते रागावलेले नसतात, ऐकू कमी येतं.

आयटीआय करू की थेट लागू, असंही विचारलंय. बोलावणं आलेलं असताना मी तरी थेट लागेन. आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड वर्षाचा आहे, पण शिकवण्याचा भर हत्यारांवर, आणि ते तुम्हाला घरीच मिळतंय. कारखाना अप्रेंटिस म्हणून घेत असेल तर तो करार मात्र करून घ्या, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ते नंतर आखातात जायचं ठरवलंत तर उपयोगी पडतं. दुबई, शारजा, मस्कतच्या जॉइनरी (लाकडी दारं-कपाटं बनवणाऱ्या) कारखान्यांत आपल्याकडचे ऑपरेटर बरेच आहेत. तुम्ही दहावीच्या पुढे शिकलेले असल्याने पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्सची (कामासाठी देश सोडताना लागणाऱ्या सरकारी परवानगीची) अट लागणार नाही. पण एजंट सरकारकडे नोंदणी केलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या पोर्टलवर बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

चाकणचं जमलं नाही तर भिवंडी, वसई आणि नागपूर या तिन्ही ठिकाणी चौकशी करा. नागपुरात स्पेसवूडसारखा मोठा कारखाना आहे, तिथे लाइनवर शिस्त लागते. छोट्या वर्कशॉपमध्ये सगळी मशीन हाताखाली येतात, पण पगार कधी दहा तारखेला तर कधी वीसला. ट्रायलला बोलावलं तर बहुतेक एक शीट आणि कटिंग लिस्ट हातात देतील. कापायच्या आधी जाडी मोजा आणि ब्लेडची रुंदी, साधारण सव्वातीन एमएम, हिशोबात धरली आहे का ते विचारा. अर्धे लोक तिथेच गळतात.